बाजारांत शिकलेला गुरु : जॉन लॉकवुड किप्लिंग

मुंबईस गेलेला मनुष्य क्रॉफर्ड मार्केट पाहिल्यावांचून सहसा परत येत नाहीं. आज त्या मंडईस महात्मा जोतिबा फुले यांचें नांव आहे. तरी जुनें नांवही लोकांच्या तोंडीं अद्याप टिकून आहे. फळांच्या राशी, हमालांची धांवपळ, भावाची घासाघीस, यांत येणाऱ्याजाणाऱ्याचें मन गुंतून जातें. आणि दरवाजावरील कमानींत कोरलेल्या शिल्पांकडे मान वर करून पाहण्यास कोणास सवड होत नाहीं. त्या शिल्पांत राजे नाहींत व सेनापतीही नाहींत. शेतांत राबणारीं आणि बाजारास माल आणणारीं साधीं माणसें तेथें दगडांत उभीं आहेत. १८६९ सालीं ही मंडई बांधून पुरी झाली, तेव्हां हीं शिल्पें ज्या कलावंतानें तयार केलीं, त्याच्या आयुष्याची थोडक्यांत ओळख विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना करून द्यावी, असा या लेखाचा हेतु आहे. त्यांचा मुलगा रडयर्ड हा पुढें मोठा ग्रंथकार म्हणून जगभर गाजला व त्याच्या कीर्तीखालीं वडिलांचें नांव झांकून गेलें. परंतु कारागिरांच्या बाजारांत हिंडून तेथील विद्या शिकणारा व ती इतरांस शिकविणारा गुरु या नात्यानें वडिलांचें चरित्र स्वतंत्रपणें वाचण्याजोगें आहे.

जॉन लॉकवुड किप्लिंग यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजीं इंग्लंडांत यॉर्कशर परगण्यांतील पिकरिंग या गांवीं झाला. वडील मेथॉडिस्ट पंथाचे उपदेशक होते. त्या पंथांत उपदेशकांच्या बदल्या वारंवार होत, त्यामुळें घर साधें आणि बिऱ्हाड नेहमीं हालतें. उपदेशकांच्या मुलांसाठीं चालविलेल्या वुडहाउस ग्रोव्ह या शाळेंत त्यांचें शिक्षण झालें. मोठ्या विद्यापीठाची पदवी त्यांच्या वाट्यास आली नाहीं. त्यांच्या मनाला वळण लागलें तें एका प्रदर्शनामुळें.

१८५१ सालीं लंडनमधील हाइड पार्कांत कांचेचा प्रचंड मंडप उभारून सर्व राष्ट्रांच्या उद्योगधंद्यांचें प्रदर्शन भरविण्यांत आलें होतें. तेरा-चौदा वर्षांचा लॉकवुड तें पाहण्यास गेला. वाफेचीं यंत्रें पाहून लोक थक्क होत होते. परंतु त्याच मंडपांत हिंदुस्थानच्या दालनांत हातानें विणलेलीं वस्त्रें, धातूचीं भांडीं आणि लांकडावरील कोरीव कामही मांडलेलें होतें. यंत्रावर निघालेल्या इंग्रजी मालावर नक्षीची नुसती खेंचाखेंच झाली आहे, आणि हातानें केलेल्या या परक्या वस्तूंत मात्र नक्षी कोठें घालावी व कोठें थांबावी याचा विवेक आहे, असें त्या वेळच्या कित्येक इंग्रज जाणकारांनीं उघडपणें कबूल केलें. त्या मुलास हें सारें तेव्हां उमगलें असेलच असें नाहीं. पण आपण कलेचाच धंदा धरावयाचा, हा त्याचा निश्चय या प्रदर्शनामुळें झाला.

लवकरच तो बर्सलेम या गांवीं मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून राहिला. स्टॅफर्डशर परगण्यांतील हा मुलूख म्हणजे कुंभारांचा मुलूख. भट्ट्यांच्या धुरानें आकाश काळवंडलेलें, आणि घरोघरचे लोक माती मळणें, चाक फिरविणें, भांडीं रंगविणें व भाजणें यांतच गढलेले. दिवसा काम आणि फावल्या वेळांत चित्रकलेची शाळा, असा त्याचा क्रम असे. मातीची जात व भट्टीची आंच यांचें ज्ञान पुस्तकांत मिळत नाहीं. जाणत्या कारागिराजवळ उभें राहूनच तें घ्यावें लागतें, हा धडा किप्लिंग येथें शिकले. पुढें ते लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयांत शिल्पकामावर राहिले. याच सुमारास बर्सलेम येथें वेजवुड या प्रसिद्ध कुंभाराच्या स्मरणार्थ एक विद्यालय बांधावयाचें ठरलें. त्याच्या दर्शनी भागाचा आराखडा किप्लिंग यांनीं रॉबर्ट एडगर यांच्याबरोबर केला. त्या भिंतीवर कुंभारकामाच्या निरनिराळ्या क्रिया मातीच्या फलकांतून दाखविलेल्या आहेत. राबणाऱ्या हातांस इमारतीवर मानाचें स्थान द्यावें, ही कल्पना त्यांच्याबरोबर पुढें मुंबईपर्यंत आली.

त्याच परगण्यांतील रडयर्ड नांवाच्या तलावाकांठीं वनभोजनाच्या प्रसंगीं त्यांची ॲलिस मॅकडोनल्ड या तरुणीशीं ओळख झाली. तीही मेथॉडिस्ट उपदेशकाचीच कन्या. मार्च १८६५ मध्यें त्यांचा विवाह झाला आणि थोड्याच दिवसांत हें जोडपें मुंबईस येऊन पोंचलें. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगींतून १८५७ सालीं सुरू झालेल्या कलाशाळेंत किप्लिंग यांस इमारतींवरील शिल्पकामाच्या शिक्षकाची जागा मिळाली होती. शाळेच्याच आवारांत त्यांचें बिऱ्हाड होतें, व तेथें ३० डिसेंबर १८६५ रोजीं त्यांच्या पुत्राचा जन्म झाला. त्या तलावाच्या आठवणीनें मुलाचें नांव रडयर्ड ठेवण्यांत आलें.

तो काळ मुंबईच्या भरभराटीचा होता. किल्ल्याचा जुना तट पाडून सरकारी व सार्वजनिक इमारती उठत होत्या, आणि त्यांवर कोरीव काम करणारे हात हवे होते. किप्लिंग आपल्या विद्यार्थ्यांकडून तें काम करवून घेत. परंतु शिकवितां शिकवितां त्यांच्या मनांत एक शंका घर करूं लागली. सरकारी कलाशाळांतील अभ्यासक्रम साउथ केन्सिंग्टनच्या नमुन्यावर आंखलेला होता. ग्रीक-रोमन मूर्तींचे गिलाव्याचे ठसे विलायतेहून येत आणि मुलांनीं ते वर्षानुवर्षें गिरवावयाचे. ज्या देशांत गांवोगांव सुतार, तांबट, सोनार, रंगारी, साळी यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या विद्या चालत आलेली आहे, तेथील मुलांस परकी पानेंफुलें गिरवावयास लावणें म्हणजे स्वतःच्या घरची विहीर बुजवून दुसऱ्याच्या दारीं पाणी मागण्यास शिकविण्यासारखेंच होय. पण या देशांतील कारागिरांचें ज्ञान शिकवावयाचें, तर तें प्रथम स्वतःस असावयास पाहिजे. तें ज्ञान शाळेच्या खोलींत नव्हतें. तें बाजारांत होतें.

१८७० सालीं ती संधि आली. उत्तर हिंदुस्थानांतील कारागीर काम करीत असतां त्यांचीं चित्रें काढून आणावीं, असें काम सरकारनें त्यांच्यावर सोंपविलें. त्या काळचा बाजार डोळ्यांपुढें आणिल्याशिवाय या कामाचें मोल कळणार नाहीं. दुकान आणि कारखाना हे तेव्हां वेगळे नसत. तांबट जेथें भांडें ठोकी, तेथेंच तें विकी. रंगाऱ्याच्या दारांतच ओलीं वस्त्रें वाळत पडत. आणि एकेका धंद्याची एकेक गल्ली असे, तेव्हां नुसत्या आवाजावरून व वासावरून आपण कोणत्या गल्लींत आलों हें आंधळ्यासही सांगतां येई. अशा गल्ल्यांतून हा दाढीवाला इंग्रज चित्रवही घेऊन हिंडला. सिमल्यास पटाशी चालविणारा कोरीव कामाचा सुतार, मागावर बसलेला विणकर, चाकापाशीं वांकलेला कुंभार, ठशांनीं कापड छापणारा कारागीर, अशीं माणसें त्यांनीं पेन्सिलीनें व शाईनें कागदावर उतरविलीं. कारागीर बसतो कसा, पायाचा उपयोग तो तिसऱ्या हातासारखा कसा करतो, हत्यारें कोणत्या क्रमानें मांडून ठेवतो, या गोष्टी त्या चित्रांत दिसतात. विकत घेणारा वस्तु पाहतो; किप्लिंग यांनीं वस्तु करणाऱ्यास पाहिलें. हीं चित्रें आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि ॲल्बर्ट संग्रहालयांत जपून ठेवलेलीं आहेत.

येथें एक दुःखाची गोष्टही सांगितली पाहिजे. त्या वेळच्या इंग्रजी रिवाजाप्रमाणें १८७१ सालीं या दंपतीनें आपलीं दोन लहान मुलें विलायतेंत परक्या घरीं शिक्षणासाठीं ठेवलीं. रडयर्ड सहा वर्षांचाही झालेला नव्हता. त्या घरीं त्याचे फार हाल झाले आणि आईबापांस तें अनेक वर्षें कळलेंच नाहीं. परक्या कारागिराच्या बोटांची हालचाल बारकाईनें टिपणाऱ्या बापास आपल्या मुलाच्या मनांत काय चाललें आहे तें दिसलें नाहीं. मोठ्या माणसांच्या चरित्रांतूनही अशीं रितीं स्थळें असतात. पालकांनीं त्यांकडे लक्ष द्यावें.

१८७५ सालीं किप्लिंग यांची बदली लाहोरास झाली. तेथें लॉर्ड मेयो यांच्या स्मरणार्थ नवी कलाशाळा निघत होती. तिचे ते पहिले मुख्य अध्यापक झाले. त्याबरोबरच लाहोरच्या संग्रहालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली. या संग्रहालयाची कथा मोठी गमतीची आहे. १८६४ सालीं पंजाबांतील कलाकौशल्याचें प्रदर्शन भरविण्यासाठीं जी इमारत बांधली होती, तींतच हें संग्रहालय राहत होतें; आणि १८९४ सालीं तें नव्या वास्तूंत गेल्यानंतर त्या जुन्या इमारतींत मंडई भरूं लागली. जत्रा, संग्रहालय आणि बाजार या तीनही अवस्था एकाच छपरानें पाहिल्या. लोक या संग्रहालयास अजायबघर म्हणत. रडयर्डच्या किम या कादंबरीच्या आरंभीं या अजायबघराचा जो वृद्ध, प्रेमळ अधिकारी भेटतो, त्यांत लेखकानें आपल्या पित्याचेंच चित्र रंगविलें आहे.

लाहोरच्या भोंवतालचा मुलूख कारागिरीनें भरलेला होता. अमृतसरास बैसाखीच्या व दिवाळीच्या दिवसांत मोठे मेळे भरत. लाहोराजवळ शालिमार बागेच्या बाजूस वसंतऋतूंत दिव्यांचा मेळा भरे. चिनिओटचें लांकडी कोरीव काम, मुलतानचें निळ्या चकाकीचें काशीकाम, सियालकोट व गुजरात या गांवांची पोलादावर सोन्याची तार ठोकून केलेली कोफ्तगरी, होशियारपुराकडील हस्तिदंताची जडावट, शेतकऱ्यांच्या बायकांनीं जाड्या सुती कापडावर रेशमानें भरलेली फुलकारी, आणि लांकडाचे बारीक तुकडे खिळ्यावांचून जुळवून केलेली पिंजऱ्याची जाळी, असा हा ठेवा. किप्लिंग यांनीं त्यांचे नमुने संग्रहालयांत आणिले, त्यांजविषयीं लेख लिहिले, आणि शाळेंत तेच नमुने मुलांपुढें ठेविले. शाळेंत मुलेंही मुख्यत्वें सुतार-लोहारादि कारागिरांच्या घरचींच घेतलीं जात. लाहोरांतील वझीरखानाची मशीद म्हणजे रंगीत फरशीकामाची जणुं एक उघडी शाळाच आहे, असें त्यांचें मत होतें. त्यांचे विद्यार्थी तेथें जाऊन भिंतीवरील नक्षी कागदावर उतरून घेत. ज्या मुलाच्या आजानें जाळी केली, त्या मुलानें ती जाळी मोजून, आंखून, समजून पुन्हा करावी, हा त्यांचा अध्यापनाचा मार्ग होता.

परंतु याच वेळीं बाजारावर मोठें संकट आलेलें होतें. त्याचें एक उदाहरण अमृतसरच्या शालींचें. काश्मीरांतून येऊन तेथें वसलेले विणकर फ्रान्स देशांत खपणाऱ्या शाली विणीत. १८७०-७१ सालीं फ्रान्स व जर्मनी यांचें युद्ध झालें, पॅरिसमधील स्त्रियांच्या पोषाखाची तऱ्हा पालटली, आणि हजारों कोसांवरील अमृतसरांत माग बंद पडले. ज्या विणकरानें तें शहर कधीं पाहिलेंही नव्हतें, त्याच्या घरची चूल तेथील बदलत्या आवडीनें विझली. दुसरें उदाहरण रंगांचें. १८५६ सालीं डांबरापासून कृत्रिम रंग काढण्याची युक्ति इंग्लंडांत निघाली. ते स्वस्त व भडक रंग हिंदुस्थानच्या बाजारांत शिरले आणि वनस्पति व किडे यांपासून काढलेले मंद, टिकाऊ रंग मागें पडले. गिरणीच्या कापडानें तर हातमागाचा पायाच खचविला.

या संकटास उपाय म्हणून किप्लिंग यांनीं प्रदर्शनें हातीं घेतलीं. १८८१-८२ च्या हिंवाळ्यांत लाहोरास पंजाबचें मोठें प्रदर्शन भरलें. १८८३-८४ सालीं कलकत्त्यास सर्व राष्ट्रांचें प्रदर्शन झालें. गांवच्या कारागिरास दूरचें गिऱ्हाईक मिळावें, आणि गिऱ्हाइकासही चांगलें काम कशास म्हणतात तें कळावें, असा त्यांत दुहेरी हेतु होता. १८८४ सालीं हिंदी कलांविषयीं एक सचित्र नियतकालिक निघालें. त्याचे पहिले संपादक किप्लिंगच होते. पंजाब व काश्मीर येथील तांब्यापितळेचीं भांडीं, हस्तिदंताचें काम, लांकडावरील नक्षी, अशा विषयांवर त्यांनीं त्यांत लिहिलें. हा मजकूर ऐकीव माहितीवर रचलेला नव्हता. दुकानाच्या फळीवर बसून, कारागिरास विचारून, हत्यार हातीं घेऊन पाहून तो लिहिला होता.

त्यांच्या अध्यापनाचें सर्वांत गोड फळ म्हणजे भाई रामसिंग. हे सुताराच्या कुळांतले शीख तरुण मेयो शाळेंत शिकले आणि गुरूंच्या बरोबरीनें काम करूं लागले. महाराणी व्हिक्टोरिया यांच्या ऑस्बोर्न येथील वाड्यांत हिंदी पद्धतीचा दरबार-दिवाणखाना सजवावयाचें ठरलें, तेव्हां किप्लिंग यांनीं रामसिंगांस पुढें केलें. १८९०-९१ मध्यें त्यांनीं इंग्लंडास राहून तें नाजूक काम पुरें केलें. महाराणीनें आपल्या चित्रकाराकडून त्यांचें चित्र काढविलें. अमृतसरच्या खालसा कॉलेजाच्या भव्य इमारतीचा आराखडाही रामसिंगांचाच. आणि पुढें ज्या शाळेंत ते विद्यार्थी म्हणून आले होते, त्याच शाळेचे ते मुख्य अध्यापक झाले. शिष्यानें गुरूच्या आसनावर बसावें, याहून गुरूस अधिक यश तें कोणतें?

तथापि सत्यास धरून हेंही म्हटलें पाहिजे कीं, किप्लिंग ज्या राजसत्तेचे नोकर होते, तिच्याच व्यापारानें या कारागिरांचा घात चालविला होता. एका हातानें गिरणीचें कापड आणावयाचें आणि दुसऱ्या हातानें हातमागास बक्षीस द्यावयाचें, अशी ती विसंगति होती. १८८६ सालीं लंडनच्या मोठ्या प्रदर्शनांत हिंदी कारागीर काम करतांना दाखविण्यांत आले. त्यांतील बहुतेक आग्र्याच्या तुरुंगांत धंदा शिकलेले होते, आणि प्रेक्षकांची गर्दी त्यांच्याकडे एखाद्या नवलाच्या वस्तूप्रमाणें पाहत असे. माणसाचें कसब पाहणें निराळें आणि माणसासच प्रदर्शनाची वस्तु करणें निराळें. प्रदर्शनांनीं कांहीं घरें तगविलीं, कांहीं कला विस्मरणांतून वांचविल्या. पण रोजच्या वापराचें कापड विणणाऱ्या गरीब विणकरास तीं वांचवूं शकलीं नाहींत. किप्लिंग यांस हें राज्य वाईट वाटत नव्हतें. ते आपल्या काळाचेच गृहस्थ होते. परंतु त्या काळांत ज्यांस कोणी अडाणी मजूर समजत, त्यांच्यापाशीं ते विद्यार्थी होऊन गेले, ही गोष्ट त्यांच्या नांवावर कायमची जमा आहे.

१८८२ सालीं रडयर्ड शिक्षण संपवून लाहोरास परत आला व तेथील वर्तमानपत्रांत काम करूं लागला. कांहीं वर्षें सारें कुटुंब एकत्र राहिलें. लोकांच्या रीतीभाती, म्हणी, जनावरें, बाजारांतील गप्पा, यांचें जें भांडार पुत्राच्या ग्रंथांत आढळतें, त्याचा मोठा भाग पित्याच्या संगतींत सांपडलेला आहे. हिंदुस्थानांतील मनुष्य व जनावरें यांच्या संबंधाविषयीं लॉकवुड यांनीं स्वतःही १८९१ सालीं एक सुंदर ग्रंथ लिहिला. त्यांतील कांहीं चित्रें हिंदी चित्रकारांनीं काढलेलीं आहेत. १८९३ सालीं ते निवृत्त झाले आणि विल्टशर परगण्यांत टिसबरी येथें राहिले. स्वस्थ बसणें त्यांस ठाऊक नव्हतें. मुलाच्या किम या पुस्तकासाठीं त्यांनीं मातीचे उठावाचे फलक घडविले व त्यांचीं छायाचित्रें पुस्तकांत घातलीं. बर्सलेमच्या कारखान्यांत जी माती प्रथम हातीं घेतली, तीच उतारवयांत पुन्हा हातीं आली. नोव्हेंबर १९१० मध्यें त्यांच्या पत्नीचें निधन झालें. २६ जानेवारी १९११ रोजीं तेही निवर्तले. टिसबरीच्या देवळाच्या आवारांत दोघांस मूठमाती देण्यांत आली.

लाहोरची ती शाळा आज पाकिस्तानांत राष्ट्रीय कलामहाविद्यालय म्हणून नांवारूपास आलेली आहे. २०१७ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया आणि ॲल्बर्ट संग्रहालयांत लॉकवुड किप्लिंग यांच्या कार्याचें खास प्रदर्शन मांडण्यांत आलें, आणि पुत्राच्या सावलींत राहिलेल्या पित्याची जगास नव्यानें ओळख झाली.

शेवटीं माझ्याच घरची एक गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं जत्रेंत एका तांबटाच्या पालापुढें मी उभा होतों. एका तांब्याच्या घंगाळासाठीं मीं त्याच्याशीं पुष्कळ हुज्जत घातली व पन्नास रुपये कमी करून घेतले. विजयाच्या आनंदांत घरीं आलों. माझ्या धाकट्या मुलीनें घंगाळ हातीं घेतलें, त्यावरील ठोक्यांच्या ओळींवरून बोट फिरविलें आणि विचारलें, हे ठोके किती आहेत, बाबा? मला उत्तर देतां आलें नाहीं. मीं वस्तु घेतली होती, भाव केला होता. पण ती पाहिली नव्हती. आम्ही दोघांनीं दिव्याजवळ बसून एक ओळ मोजली, आणि घंगाळावर अशा किती ओळी आहेत हें पाहून मी मुकाट्यानें उठलों. दुसऱ्या दिवशीं पुन्हा जत्रेस गेलों, पण पाल उठून गेलें होतें.

विद्यार्थिमित्रहो, यंदाच्या सुटींत तुमच्यापैकीं पुष्कळजण आपापल्या गांवच्या जत्रेस किंवा आठवड्याच्या बाजारास जातील. तेथें बुरूड टोपलीचा तळ कसा धरतो, कुंभार चाकास गति देऊन मग हात कसा स्थिर ठेवतो, हें घटकाभर उभें राहून पाहा. त्यास त्याच्या कामाविषयीं एक प्रश्न आदरानें विचारा, आणि जमल्यास वहींत त्याचें चित्र काढा. किंमत विचारावयाची ती त्यानंतर विचारा. आणि कधीं मुंबईस गेलांत, तर मंडईच्या दारांत क्षणभर थांबून वर पाहण्यास विसरूं नका.